रिसेप्टर म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

प्रश्न असा की पेशीपटलावरच्या रिसेप्टरला (म्हणजे बाहेरून आलेला रेणू धरून आत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाला) मराठीत 'ग्राहक' म्हणायचं की 'ग्राही', आणि अनेकवचन काय. ग्राही. झालं उत्तर. पण 'ग्राहक'वर माझा एवढा राग का ते सांगतो, परवाच परत वाचलं की "इन्सुलिनचे ग्राहक साखर पेशीत घेतात". अहो नाही घेत! इन्सुलिन बाहेरच्या बाहेर रिसेप्टरला चिकटतं, मग रिसेप्टरचा आतला भाग स्वतःच्याच टायरोसिनांवर (प्रथिनाच्या साखळीतले एका जातीचे मणी) फॉस्फेट चढवतो, तिथून निरोप पुढे पुढे सरकतो आणि स्नायूत किंवा चरबीत शेवटी ग्लुट-४ नावाचं वेगळंच प्रथिन पटलावर येऊन साखर आत सोडतं. रिसेप्टरचा साखरेला हातसुद्धा लागत नाही. पण ग्राहक म्हटलं की गिऱ्हाईक आठवतं (शब्द मुळात एकच) आणि गिऱ्हाईक म्हणजे माल उचलून घरी नेणारच.

धातू ग्रह्, वेदात ग्रभ्, अर्थ गच्च धरणं. ग्रहण, आग्रह, संग्रह वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडा. खरी मजा 'ग्राह'मध्ये आहे! ग्राह म्हणजे मगर, गजेंद्राचा पाय धरणारी तीच. आता बघा, जबडा पाण्याबाहेर, धड पाण्याच्या रेषेत, शेपूट खाली. ॲड्रेनलिनचा रिसेप्टर अगदी अस्साच, साखळी पटलातून सात वेळा आरपार गेलेली, बाहेरच्या खाचेत ॲड्रेनलिन धरलं की आतल्या बाजूला त्या सातांतला सहावा पीळ बाहेरच्या अंगाला झुकतो, त्या फटीत जी-प्रोटीन (निरोप पुढे नेणारं आतलं प्रथिन) बसतं आणि जवळचा जीडीपी नावाचा रेणू टाकून जीटीपी नावाचा उचलतं. जबडा मिटला, शेपूट हललं, आणि ॲड्रेनलिन आत गेलंच नाही. लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं नोबेल याच घराण्यासाठी मिळालं. माझ्या मते 'ग्राही' ऐकताना मगरच दिसली पाहिजे, व्याकरणवाले काहीही म्हणोत.

रिसेप्टरला 'संवेदक' म्हणणाऱ्यांना एवढंच की तो सेन्सर झाला, थर्मामीटरलाही चालेल. 'अभिग्राहक'मध्ये 'अभि' लावून काय साधलं देव जाणे. आणि जे विद्वान म्हणतात की मूळ शब्दात 'स्वीकारणं' आहे म्हणून 'स्वीकारक' करा, त्यांनी लॅटिन परत उघडावं, रिसेप्टर ज्या रेसिपेरे धातूपासून आला त्याच्या पोटात कापेरे आहे आणि कापेरे म्हणजे पकडणं. जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखने १९०० मध्ये 'रिसेप्टर' हा शब्द रूढ केला तेव्हा त्याच्याही डोक्यात रेणू धरून ठेवणारी गोष्टच होती, स्वागतकक्ष नव्हता!

हां, एलडीएलचा (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचा) रिसेप्टर मात्र खरोखर कोलेस्टेरॉल घेऊन आत जातो, ब्राऊन-गोल्डस्टीनचं १९८५ चं नोबेल त्यावरच, त्याला हवं तर गिऱ्हाईक म्हणा, माझी हरकत नाही.

अनेकवचनाचं राहिलंच की. ते हत्तीसारखं, एक हत्ती दहा हत्ती, तसं एक ग्राही दहा ग्राही.