हँडब्रेक ओढूनही गाडी सरकते

प्रश्न : माझ्या जुन्या हॅचबॅकला मागे ड्रम ब्रेक आहेत. सोसायटीच्या उतारावर हँडब्रेक पार वर ओढला तरी गाडी हळूच मागे सरकते. घरीच हँडब्रेकच्या केबलचा नट आवळला तर चालेल का? – एक वाचक, बावधन

उत्तर : चालेल, पण सुरुवात नटापासून करू नका. बहुतेक वेळा मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजलेले असतात. अशा वेळी नुसती केबल ताणली की लिव्हर हाताला घट्ट लागतो आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

गाडी सपाट जागी आणा, गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं चाक उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. हँडब्रेक सोडून ड्रम काढा. आतली भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. लायनर तेलकट दिसला तर बहुधा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणारा भाग) गळतोय. तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

लायनर ठीक असतील तर आधी ते ड्रमच्या जवळ येतील असे अ‍ॅडजस्ट करा, मग लिव्हरच्या बुडाशी असलेला नट थोडाथोडा आवळा. लिव्हर खाली असताना चाक हातानं मोकळं फिरलंच पाहिजे, नाहीतर ड्रम तापेल. साधारण 4 ते 7 ‘कटकट’मध्ये ब्रेक लागावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

आणि हो, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाटीवर गिअर आणि ठोकळे पुरेत. ओढून ठेवलेल्या ब्रेकचे ओले लायनर ड्रमला चिकटतात.