तीन हजारांत लाल डेक: मॉडर्नची स्वस्त नक्कल नको, पॉपरचा पूर्ण डेक बांध

तुझा प्रश्न मला समजला तो असा, की फोंड्याला तुम्ही चौघं मित्र मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळता, तुझं बजेट आहे तीन हजार, तुला लाल रंगाचा फास्ट डेक (खेळायला बांधलेला कार्डांचा संच) पाहिजे आणि व्हिडिओत बघितलेल्या एका मॉडर्न फॉरमॅटच्या (फॉरमॅट म्हणजे कुठली कार्डं चालतात ते ठरवणारा खेळाचा प्रकार) डेकमधली महाग कार्डं काढून त्यांच्या जागी स्वस्त कुठली घालायची ते तू विचारतोयस. माझं उत्तर आहे की घालूच नको, तो डेकच सोडून दे. तीन हजारांत अख्खा चांगला डेक होतो, फक्त तो मॉडर्नचा नाही, पॉपरचा.

महाग डेकमधलं महाग कार्ड नुसतं ताकदवान म्हणून तिथे नसतं, बाकीचा डेक त्याच्याभोवती बांधलेला असतो. रागावनचंच घे, तुझ्या लिस्टमधलं ते माकड. एका मनात येतं (मना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, ती लँड नावाच्या कार्डांतून मिळते), समोरच्याला लागलं की ट्रेझर, म्हणजे एकदा वापरायचा जास्तीचा मना, देतं, वर समोरच्याच्याच डेकचं वरचं कार्ड एक्साइल करून (खेळाबाहेर काढून) त्या टर्नला तुला खेळायला देतं. म्हणून त्या डेकमध्ये पुढची सगळी स्वस्त स्पेल्स (टाकली की परिणाम करणारी कार्डं) आहेत ती त्याच्या वाटेतले ब्लॉकर, म्हणजे समोरच्याची आडवी येणारी क्रीचर (लढणारी कार्डं), उडवायला. आता रागावनच्या जागी तू दुसरा कुठला एक मनाचा गॉब्लिन घातलास तर तो दोन डॅमेज करणार आणि तिथेच संपला, वाट मोकळी करून काही मिळतच नाही. अशी आठ-दहा कार्डं बदललीस की हातात राहतो तो असा डेक जो खऱ्या मॉडर्न डेकपुढे हरतो आणि ज्याच्यावर पैसे तर गेलेलेच असतात. मला हे फार वाईट वाटतं, कारण नवीन मुलं अशीच दोन महिन्यांत खेळ सोडतात, त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही, आणि कारण वेगळंच असतं.

पॉपर म्हणजे फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिणाऱ्या दर्जाची कार्डं, अनकॉमन आणि रेअर ही त्याहून दुर्मिळ. कार्ड कधीतरी कुठल्या तरी छपाईत कॉमन म्हणून आलेलं असलं की चालतं, तुझ्या हातातली प्रत अनकॉमन छपाईची असली तरी हरकत नाही. बाकी नियम नेहमीचेच, कमीत कमी साठ कार्डं, बेसिक लँड सोडून एका नावाच्या जास्तीत जास्त चार कॉपी, साइडबोर्ड (दोन गेमच्या मध्ये बदलायला बाजूला ठेवलेली कार्डं) पंधराचा. आधी हा फॉरमॅट मुख्यतः ऑनलाइन होता, २०१९ पासून कागदी आणि ऑनलाइन दोन्हींना चालणाऱ्या कार्डांची एकच यादी आहे. इटलीत पॉपरगेडन नावाची मोठी स्पर्धा भरते, ब्राझीलमध्ये पण जोरात खेळतात, म्हणजे हा गरिबांचा तात्पुरता फॉरमॅट वगैरे समजू नको, इथे लोक काउंटरस्पेल आणि लायटनिंग बोल्ट यांसारखी कार्डं घेऊन अगदी मनापासून भांडतात. आणि स्टँडर्ड फॉरमॅटसारखं ठराविक काळानं कार्डं बाद होणं इथे नाही. एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं, अधूनमधून एखादं कार्ड बॅन होतं तेवढंच.

बजेटमध्ये पैसे कुठे घालायचे तर चार-चार कॉपींमध्ये. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत, कारण वेगवेगळी कार्डं गोळा करायला मजा येते. पण हिशोब बघ. साठच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार कॉपी असल्या तर पहिल्या सात कार्डांत निदान एक येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के, एकच कॉपी असली तर पावणेबारा. दहा कार्डं बघेपर्यंत चारवालं ५३ टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि एकवालं सतराच्याही खाली राहतं. म्हणजे तू भारी असं एकच कार्ड महाग घेतलंस तर बहुतेक गेममध्ये ते तुला दिसणारच नाही, आणि स्वस्तातलं साधं कार्ड चार वेळा घेतलंस तर डेक दरवेळी तेच काम करतो, आणि दरवेळी तेच काम करणारा डेक म्हणजेच चांगला डेक.

आता लिस्ट. मी तुला साधा बर्न, म्हणजे समोरच्याला थेट डॅमेज करून मारणारा डेक, देतोय. लायटनिंग बोल्ट, चेन लायटनिंग, लावा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्यूअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट, सीअरिंग ब्लेझ, नीडल ड्रॉप, थर्मो-अल्केमिस्ट, घीटू लावारनर, या सगळ्यांच्या चार-चार, झाली चाळीस. कर्स ऑफ द पिअर्स्ड हार्ट दोन, आणि माउंटन (लाल मना देणारे बेसिक लँड) अठरा. साठ. यात कॉमन असून जरा भाव खाणारं म्हणजे लायटनिंग बोल्ट आणि कधी कधी चेन लायटनिंग. चेन परवडत नसेल तर तिथे बर्स्ट लायटनिंग घाल, दोनच डॅमेज करतं पण पुढे मना जास्त असला की किकरनं (जास्तीचा मना भरून) चार करतं. बोल्टमध्ये मात्र काटकसर करू नको, ते चार घेच, उद्या कुठल्याही लाल डेकमध्ये जातील.

अठराच माउंटन का, असं तू विचारशीलच, कारण सगळीकडे चोवीस लिहिलेलं असतं. समोरच्याचं लाइफ वीस, ते शून्यावर आलं की तू जिंकलास. तुझी बरीचशी स्पेल्स एका मनात तीन डॅमेज करणारी. वीसला तीननं भागलं की सात स्पेल्स लागतात, सात त्रिक एकवीस. तू पहिला खेळत असशील तर चौथ्या टर्नला तू दहा कार्डं बघितलेली असतात, सात हातातली आणि तीन ओढलेली. साठात अठरा लँड म्हणजे दहात सरासरी तीन, राहिली सात. बरोब्बर सात! चोवीस लँड घातलेस तर दहात चार लँड आणि सहाच स्पेल्स, सहा त्रिक अठरा, समोरचा दोनवर जिवंत राहतो आणि पुढच्या टर्नला तुला मारतो. नीडल ड्रॉप एकच डॅमेज करतं पण वर कार्ड देतं, फायरब्लास्ट चार करतं, अल्केमिस्ट बसल्या बसल्या टॅप होऊन (आडवा वळवून) एक-एक मारतो आणि तू इन्स्टंट नाहीतर सॉर्सरी (स्पेल्सचे दोन प्रकार) टाकलीस की परत अनटॅप (सरळ) होतो, असं सगळं मिळून सरासरी जमून जाते. लँडच्या या गणितात अजून खोल जायचं असेल तर फ्रँक कार्स्टेन म्हणून डच खेळाडू आहे, त्याचे लेख शोधून वाच, मी त्याच्यावरूनच बरंच शिकलोय.

हा डेक डोकं न लावता खेळायचा असं लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. उदाहरण म्हणून रिफ्ट बोल्ट घे. पहिल्या टर्नला तो एका मनात सस्पेंड करायचा, म्हणजे पुढच्या टर्नसाठी बाजूला ठेवायचा, दुसऱ्या टर्नच्या सुरुवातीला तो आपोआप तीन मारतो, आणि त्या टर्नला समोरच्याचं लाइफ गेलेलं असल्यामुळे स्क्यूअर तीन मनाऐवजी एका मनात टाकता येतं, उरलेल्या एका मनात बोल्ट. दोन लँडवर एका टर्नला नऊ डॅमेज झालं! तिसऱ्या टर्नला तीन लँडवर अजून तीन स्पेल्स, झालं अठरा, आणि मग फायरब्लास्ट, ज्याला मना द्यायच्या ऐवजी दोन माउंटन सॅक्रिफाइस करायचे, म्हणजे कायमचे सोडून द्यायचे. ते माउंटन आधी मनासाठी टॅप करून मग सॅक्रिफाइस केलेस तरी चालतं हे नवीन माणसाला सुचत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. बावीस डॅमेज तिसऱ्याच टर्नला. असं क्वचित जुळतं, पण हातातली कार्डं कुठल्या क्रमानं टाकायची हा विचार पहिल्या टर्नपासून करायचा असतो. फायरब्लास्ट शेवटीच, मध्येच टाकून लँड घालवून बसू नको.

तसंच सीअरिंग ब्लेझचं. नुसतं टाकलं तर समोरच्याला एक आणि त्याच्या क्रीचरला एक, पण त्या टर्नला तुझा लँड पडलेला असला तर तीन आणि तीन. म्हणून दोन लँड झाले की तिसरा हातात आला म्हणून लगेच टाकायची घाई नको, ब्लेझ हातात असेल आणि समोर अजून क्रीचर नसेल तर लँड राखून ठेव, त्यानं क्रीचर टाकलं की तुझ्या टर्नला लँड आणि ब्लेझ एकदम. आणि बोल्ट क्रीचरवर घालायचा की थेट समोरच्यावर हा प्रश्न प्रत्येक गेमला येतो. माझा ठोकताळा असा, की ते क्रीचर गेम संपेपर्यंत मला तीनपेक्षा जास्त डॅमेज करणार असेल किंवा समोरच्याला लाइफ देणार असेल तर उडवायचं, नाहीतर दुर्लक्ष करायचं. एक लँडचा हात आला तर मलिगन कर, म्हणजे हात बदलून घे, सहा कार्डांनी खेळ, बर्नला ते परवडतं.

नेटवर लिस्ट बघशील तेव्हा तारीख बघ. जुन्या लाल लिस्टमध्ये मोनास्टरी स्विफ्टस्पिअर हमखास असतं, ते २०२३ मध्ये पॉपरमधून बॅन झालं, आणि कुलडोथा रीबर्थ २०२५ मध्ये गेलं. घ्यायच्या आधी प्रत्येक नाव स्क्रायफॉल या कार्डांच्या वेबसाइटवर टाकून पॉपरमध्ये लीगल दाखवतं का ते बघायचं, एक मिनिटाचं काम आहे.

बूस्टर पॅक, म्हणजे आत कुठली कार्डं निघतील ते माहीत नसलेलं सीलबंद पाकीट, घेऊ नको. खूप जण म्हणतात की पॅक उघडून जमेल तेवढं जमवू, पण बघ ना, बोल्ट आलं १९९३ ला, लावा स्पाइक २००४ ला, रिफ्ट बोल्ट २००६ ला, थर्मो-अल्केमिस्ट २०१६ ला, स्क्यूअर २०१९ ला. ही सगळी एका पॅकमध्ये येणारच नाहीत, आता दुकानात आहे त्या सेटमध्ये यातलं एखादं असलं तरी नशीब. पॅक मित्रांबरोबर ड्राफ्ट करायला (पॅक फोडून आळीपाळीनं कार्डं निवडून खेळायला) घे, तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात, डेक बांधायला सुटी कार्डंच घ्यायची. कुठल्या छपाईचं याचा आग्रह धरू नको, सगळ्यात स्वस्त छपाई घे, कोपरे थोडे झिजलेले असले तरी स्लीव्हमध्ये कळत नाही.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे कुरिअर. सुटी कार्डं बहुतेक मुंबई-बंगळूरकडच्या विक्रेत्यांकडूनच मागवावी लागतात, आणि स्वस्त कॉमन दहा वेळा थोडी थोडी मागवलीस तर कार्डांपेक्षा शिपिंग जास्त होतं. पावसाळ्याआधी घरात पुरुमेंत भरतात तसं एकदाच यादी करून सगळं एका दमात घ्यायचं, आणि चौघांची यादी एकत्र. परदेशातून मागवायच्या फंदात या बजेटमध्ये पडू नको, पोस्टेज आणि कस्टमची ड्यूटी धरली तर हिशोब बसत नाही. अजून एक उपाय म्हणजे चवथीला पुण्या-मुंबईची चुलतभावंडं घरी येतातच, त्यांच्यापैकी कोणाला तिकडच्या दुकानातून यादीप्रमाणे आणायला सांग, शिपिंग वाचलं. आणि ऑर्डर करायच्या आधी कागदाच्या चिठ्ठ्यांवर कार्डांची नावं लिहून, जुन्या कार्डांवर ठेवून स्लीव्हमध्ये घाल आणि निदान आठवडाभर तसंच खेळ. घरच्या खेळात मित्रांना सांगून केलं तर यात काही चूक नाही, अधिकृत स्पर्धेत मात्र खरी कार्डंच लागतात. बर्न तुला आवडत नाही असं निघालं तर पैसे वाचले, मग हिरवे एल्व्ह्ज किंवा निळ्या फेअरीज यांचे डेक बघू, त्यातही हुशारीला भरपूर वाव आहे.

फॉइल अजिबात घेऊ नको. गोव्याच्या दमट हवेत कागद ओलावा ओढतो आणि वरचा फॉइलचा थर ओढत नाही, कार्ड वाकतं, जूनमध्ये तर धनुष्य होतं. साठात चारच कार्डं वाकलेली असली तर डेक कापताना ती हाताला कळतात, आणि स्पर्धेत त्याला मार्क्ड कार्ड धरतात. साधी कार्डं, एकाच रंगाच्या मॅट स्लीव्ह्ज, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदल. आंगणात किंवा समुद्रावर खेळणार असाल तर खाली कापड घ्या, रेती स्लीव्हच्या आत गेली की कोपरे खाते.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. तुमच्या चौघांत कमांडर हा फॉरमॅट चालतो का? तिथे शंभर कार्डं, बेसिक लँड सोडून प्रत्येकाची एकच कॉपी, आणि लाइफ चाळीस. तीन जणांचं मिळून एकशेवीस लाइफ बोल्टनी जाळणं होणार नाही, म्हणजे वरचं सगळं गणितच लागू होत नाही. तसं असेल तर तयार प्रीकॉन डेक घे आणि हळूहळू सुधारत जा. पण दोन-दोन जण खेळत असाल तर बाकीच्या तिघांनाही पॉपरवर आण, नाहीतर तुझा कॉमनचा डेक त्यांच्या रेअर कार्डांपुढे उगाच मार खाईल.

साइडबोर्ड आत्ताच पूर्ण घेऊ नको. निळा कोणी खेळत असेल तर पायरोब्लास्ट, आर्टिफॅक्टवाला (यंत्रं-वस्तूंची कार्डं खेळणारा) असेल तर स्मॅश टू स्मिदरीन्स, जे आर्टिफॅक्ट तोडतं आणि वर तीन मारतं म्हणून बर्नमध्ये फार छान बसतं, ग्रेव्हयार्डवाला (वापरून झालेल्या कार्डांचा फायदा घेणारा) असेल तर रेलिक ऑफ प्रोजेनिटस. हिरव्याकडून वेदर द स्टॉर्म येतं ते सांभाळ, त्या टर्नला जितकी स्पेल्स आधी पडली असतील तितक्या त्याच्या जास्तीच्या कॉपी होतात आणि प्रत्येक कॉपी तीन लाइफ देते, म्हणून त्याच्याकडे दोन मना मोकळे दिसले की एका टर्नला चार-पाच स्पेल्स ओतायची नाहीत, दोन टाकून थांबायचं. तुझे तिघे मित्र कुठले रंग खेळतात ते सांग, त्याप्रमाणे पंधरा कार्डांची यादी करून देतो, म्हणजे तुमच्या चौघांच्या एकाच ऑर्डरमध्ये ती पण जाईल.