फोटो नव्हे, बागा वाटा

पत्र : मी सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डाळिंबाच्या पानांच्या फोटोंवरून तेल्या रोग ओळखायचा प्रकल्प आम्ही कृषी महाविद्यालयातल्या मुलांबरोबर घेतलाय. तांत्रिक आराखडा सरांनी माझ्यावर सोपवलाय, पण प्रत्येक बैठक ‘मॉडेल कोणतं’ यावरच संपते. आई म्हणते, आराखडे करत बसलीस तर कोडिंग कधी शिकणार?

उत्तर : मॉडेलचा, म्हणजे फोटो बघून रोग ओळखायला शिकणाऱ्या प्रोग्रॅमचा, वाद तूर्त बाजूला ठेव. रेझनेट घ्या नाहीतर मोबाइलनेट, दोन्ही तयार मिळणारी मॉडेलं; पहिल्या खेपेला काही अडत नाही आणि नंतर ते बदलताही येतं. फसलेले फोटो मात्र पुढच्या हंगामाशिवाय बदलत नाहीत. तेल्या जिवाणूंमुळे होतो आणि पावसाळी, दमट हवेत फोफावतो. त्यामुळे वेळापत्रक सेमिस्टरवर नाही, मृग बहारावर, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहारावर, बेता. आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून पानगळ केलेल्या सांगोल्याच्या बागेत पोचलात, तर रोगट पान सोडाच, पानच शोधत फिराल.

डाग तेल्याचा की बुरशीचा, हे कॉम्प्युटरवाल्यांनी अजिबात ठरवू नये. कृषीच्या दोघांनी एकमेकांचं न बघता तेच फोटो तपासावेत. जिथे त्यांची मतं जुळत नाहीत, ते फोटो केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातले रोगतज्ज्ञ पाहतील का, हे सरांच्या सहीचं पत्र देऊन आत्ताच विचारा. ऐन गडबडीत गेलात तर कुणाला वेळ नसतो.

भलेभले फसतात ते पुढच्या पायरीवर. मॉडेलला शिकवायचे फोटो आणि त्याच्या चाचणीचे फोटो वेगळे काढताना फोटो वाटू नका, बागा वाटा. एकाच झाडाची पानं दोन्हीकडे गेली, तर मॉडेल रोगाऐवजी तिथला उजेड, तिथली माती, तो मोबाइल ओळखायला शिकतं. अचूकता 90 टक्क्यांच्या पार जाते, सगळे खूश होतात आणि मंगळवेढ्याच्या नव्या बागेत तेच मॉडेल तोंडावर आपटतं. म्हणून काही बागा सुरुवातीलाच राखून ठेवा. शेवटपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

बाकीचं दोन पानांत मावेल : फाइलचं नाव, बाग आणि तारखेची नोंद, कोड गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन), शेतकऱ्याची लेखी परवानगी. शोधनिबंधावर कुणाचं नाव कितवं, हेही त्यातच लिहा. रुसवेफुगवे बहुतेक तिथूनच सुरू होतात.

आईचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. नुसता आराखडा केलेल्या उमेदवाराला मुलाखतीत फार कुणी विचारत नाही. फोटो तपासून बागेनुसार वाटणी करणारा कोड तू स्वतः लिही. ‘असंच का केलं?’ या प्रश्नाला मग तुझ्याकडे स्वतःचं उत्तर असेल. संशोधन संस्थांत प्रोजेक्ट असोसिएटच्या बऱ्याच जागांना बी.ई. चालतं, आणि गेट (इंजिनिअरिंगची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालेली असेल तर मानधनही जास्त मिळतं. गेट तिसऱ्या वर्षातही देता येते. अर्ज साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होतात, म्हणजे नेमके तुमच्या फोटोंच्या धांदलीत. त्या आठवड्यातली बागेची एखादी फेरी दुसऱ्या कुणावर सोपव.