घाम येतो, पण वाळत नाही

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. यजमानांच्या बदलीमुळे दहा दिवसांपूर्वी आम्ही कोरड्या हवेतून समुद्राकाठी राहायला आलो. तिकडे पारा ४० वर जायचा, तरी माझी कामं अडत नसत. इथे फोन ३४ दाखवतो आणि केर काढून होईपर्यंत अंगावरचे कपडे पिळून काढावेत अशी गत. घरातले म्हणतात, ३४ म्हणजे काय उकाडा आहे का? तिकडून आणलेला कूलर लावला की आणखीच गुदमरतं. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात. पंख्याने अंग धरतं म्हणून तो बंद करायला लावतात, आणि पाणी दिलं तर ‘तहान लागली की पिईन’ म्हणतात. शिवाय माझ्या पाठीवर घामोळं उठलंय, पावडर थापूनही जात नाही. मी उगाच बाऊ करतेय का?
– एक वाचक

उत्तर : बाऊ अजिबात नाही. आधी तो कूलर उचलून माळ्यावर टाका, मग पुढचं वाचा.

माझ्या गॅलरीत दोन साधे तापमापक शेजारी शेजारी टांगलेले आहेत. एक तसाच मोकळा. दुसऱ्याच्या फुग्याला जुन्या सुती बनियनची पट्टी गुंडाळली आहे आणि तिचं टोक खाली पाण्याच्या बाटलीत सोडलं आहे. पट्टीतलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक नेहमी कोरड्याच्या खाली असतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त खाली. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओला २३ च्या आसपास उतरतो. ३४ अंश आणि ७५ टक्के असेल तर तो ३० वर अडून बसतो. घामाने भिजलेलं आपलं अंग म्हणजे दुसरा तापमापक. घरातल्यांना सांगा, फोनवरचा आकडा पहिल्याचा आहे.

घाम आला म्हणजे अंग निवलं असं नसतं, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. तोच हनुवटीवरून टपकला तर पाणी आणि मीठ तेवढं गेलं, गारवा शून्य. ओला तापमापक ३५ ला टेकला तर धडधाकट माणूससुद्धा काही तासांपलीकडे तगणार नाही, असं २०१० मध्ये दोन संशोधकांनी गणिताने मांडलं होतं. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात निरोगी तरुणांना बंद खोलीत हलकी हालचाल करायला लावून पाहिलं. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: दमट हवेत ओला तापमापक ३०-३१ वर असतानाच त्यांच्या शरीराचा तोल जाऊन आतलं तापमान चढायला लागलं होतं. आणि ते तरुण होते.

कूलर हवेत पाणीच मिसळतो. कोरड्या हवेत ते वरदान, तुमच्याकडे शिक्षा. हे मला पुस्तकातून कळलेलं असूनही एका दमट रात्री मी दारं-खिडक्या लावून कूलर चालवला. पहाटे उशी ओलसर आणि डोकं जड. दोन्ही तापमापक आत आणून पाहिले, तर त्यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक. म्हणजे घामाला वाळायला जागाच नव्हती.

एसी असेल तर त्याच्या रिमोटवर ‘ड्राय’ असं एक बटण असतं, ते सहसा कोणी दाबत नाही. दाबून बघा. एसीचा जन्म मुळी दमटपणावर उपाय म्हणूनच झाला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरियरने हवेतली ओल आवरणारं यंत्र आखलं. सोय आधी कागदाची झाली, माणसांची मागाहून. एसी नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि पंखा लावा. ३४ अंशांत पंखा मदतच करतो. हवा ४० च्या वर गेली की मात्र तो अंग तापवायला लागतो.

आता सासूबाई. मला काळजी तुमच्यापेक्षा त्यांची जास्त वाटते. वयाबरोबर घाम कमी येतो आणि तहानही उशिरा कळते, त्यामुळे ‘तहान लागली की’ हा हिशेब त्यांना लागू नाही. माझी आई असंच म्हणायची. मग मी ‘पाणी हवं का’ विचारणंच सोडलं, तासा-दीड तासाने अर्धा ग्लास सरळ हातात द्यायला लागले. हातात आलेलं ती पीत असे. थेट वारा सोसत नसेल तर पंखा पायांकडे वळवा, आणि हातांवर, मानेवर ओलं सुती कापड फिरवा. स्वतःचा घाम अपुरा, तर उसना द्यायचा. टबात नळाचं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात दहा-पंधरा मिनिटं बुडवून बसणं त्याहून चांगलं. आगीशी झुंजून आलेले अग्निशमन दलाचे जवानही असेच निवतात.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्यांची कोणती आहे आणि दिवसाला किती पाणी चालेल, हे त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाण्याला मर्यादा असते. गोळी मनाने बंद करायची नाही.

त्या असंबद्ध बोलायला लागल्या, चालताना तोल गेला, अंग भाजू लागलं तर घाम आहे की नाही हे बघत बसू नका. उष्माघातात घाम असूही शकतो. रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

तुमचं स्वतःचं सोपं आहे. नव्या हवेला शरीर रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. तुमचे दहा दिवस झालेत, थोडी कळ काढा. जड कामं सकाळी लवकर उरका. त्या वेळी फोन ९० टक्के आर्द्रता दाखवेल, त्याने दचकू नका. हवा गार झाली की टक्का आपोआप चढतो, वाफ साधारण तेवढीच असते. फार घाम गेलेल्या दिवशी नुसतं पाणी ढोसू नका. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडं थोडं घ्या, चमचा चहाचा. हे सासूबाईंना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

राहिलं घामोळं. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की ते उठतं, आणि तुम्ही त्यावर पावडरीचा लेप चढवताय. पावडर बंद. साध्या पाण्याने अंघोळ करा, पाठ टिपून घ्या, सैल सुती कपडा घाला आणि पाठ पंख्याकडे करून बसा.