फायर फॉर्मिंग म्हणजे नेमकं काय, आणि पुण्यात घरी करता येईल का?

फायर फॉर्मिंग म्हणजे काडतूस उडवून त्याच्या पुंगळीला, म्हणजे पितळी आवरणाला, नवा आकार देणं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. आणि बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रात जी पॉइंट टू-टू गोळी वापरतात, ती रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत असलेली. तिची पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसतेच.

आता प्रक्रिया. वाइल्डकॅट म्हणजे कारखान्यात तयार न मिळणारं काडतूस. पॉइंट २२-२५० हे काडतूस असंच हौशी लोकांचं होतं, १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीनं ते बाजारात आणलं. अशा रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, मूळ पुंगळीपेक्षा थोडं मोठं कोरलेलं असतं. त्यात मूळ काडतूस उडवलं की वायूच्या दाबानं पितळ फुगतं आणि चेंबरचा आकार घेतं. झाली नवी पुंगळी!

खरी मेख हेडस्पेसमध्ये, म्हणजे चेंबरमध्ये पुंगळी किती नेमकी बसते यात आहे. पुंगळी पुढे-मागे हलायला जागा राहिली, तर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) तिला पुढे ढकलते, भिंती चेंबरला घट्ट धरतात आणि बूड मागे ताणलं जातं. बुडाजवळ पितळ पातळ होतं, कधी तुटतंही. म्हणून अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्ड नावाच्या वाइल्डकॅट प्रकारात पुंगळीची मान (गोळी धरणारा अरुंद भाग) आणि खांदा (तिच्याखालचा उतार) जिथे मिळतात तिथेच पुंगळी घट्ट अडकेल असं चेंबर ठेवतात. हा मला त्यातला सर्वात हुशार भाग वाटतो.

पितळ साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. वारंवार आकार बदलला की ते कडक होतं, मानेला चिरा जातात. तांबट आळीत ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत तापवून मऊ करतात ना, तसंच इथे. फक्त मान आणि खांदाच तापवायचा. बूड मऊ झालं तर ती पुंगळी धोकादायक.