छतावरच्या पॅनलवर अख्खा टॉवर चालेल का?

प्रश्न : आमची टीम एका मोठ्या प्रोजेक्टचा प्लॅन करतेय. वीस मजली टॉवर, खाली दुकानं, बाजूला ऑफिसं आणि एक शाळा. मालकांना जाहिरातीत 'शंभर टक्के सौर' टाकायचंय. सगळी छतं पॅनलनी भरली तर जमेल ना? की जोडीला बायोमासचा, म्हणजे लाकूड-काडीकचऱ्यावर चालणारा, प्लांट पण टाकावा?

उत्तर : नाही जमणार, आणि जाहिरात छापायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. सरळ हिशोबच मांडू. १ किलोवॅट पॅनलला मधल्या वाटा वगैरे धरून साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि चांगलं ऊन असेल तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज निघते. आता समजा टॉवरचं छत ५०० चौरस मीटर, त्यातलं निम्मं पाण्याच्या टाक्या, लिफ्टची रूम, जिना आणि त्यांच्या सावल्यांनी खाल्लं, उरलं २५०, म्हणजे २५ किलोवॅट, म्हणजे दिवसाला १०० युनिट. मजल्यावर ४ घरं धरा, ८० घरं झाली, घरटी सव्वा युनिट! त्यात फ्रिज कसाबसा चालेल, एसीचं नाव काढू नका, आणि लिफ्ट नि पंप तर मी अजून धरलेच नाहीत.

पण तुमच्याकडे शाळा आणि ऑफिसं आहेत, खरी मजा तिथे आहे. भर दुपारी घरं अर्धी रिकामी असतात आणि ऑफिसातले एसी जोरात, म्हणजे ऊन असतं तेव्हाच वीज खपते. शिवाय या इमारती बुटक्या आणि पसरट, मजल्यांच्या मानाने छत भरपूर. फक्त टॉवर त्यांच्या दक्षिणेला उभे करू नका हो (दक्षिण गोलार्धात असाल तर उत्तरेला), नाहीतर हिवाळ्यात लांब सावली नेमकी शाळेच्या पॅनलवर. एका छतावरची वीज दुसऱ्या मीटरला देता येते का, हे लेआउट फायनल व्हायच्या आधी वीज कंपनीला विचारा, नियम सगळीकडे सारखे नसतात.

बायोमासबद्दल बेडझेडचं उदाहरण बघा. दक्षिण लंडनमध्ये २००२ मध्ये पूर्ण झालेली ही ८२ घरांची वसाहत, सोबत कामाच्या जागा, आणि लाकडाच्या तुकड्यांवर वीज नि उष्णता देणारा स्वतःचा प्लांट. तो कधी धड चाललाच नाही, काही वर्षांत बंद पडला, पुढे गॅसचे बॉयलर आले. टिकलं काय तर जाड इन्सुलेशन, म्हणजे भिंती-छतांमधला उष्णता अडवणारा थर, कारण मुळात घरांना उष्णताच कमी लागायची. तुमचाही पहिला पैसा भिंती, खिडक्या आणि सावलीवर जाऊ दे, प्लांटचं नंतर बघू.

जाहिरातीचं म्हणाल तर लिफ्ट, पंप आणि पार्किंगच्या दिव्यांचे वर्षाचे युनिट काढा. तेवढे छतावरून निघत असतील तर तेवढंच छापा.