आधी जनावर बघायला शिकव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. निपाणी भागातल्या शाळेत व्यावसायिक विभागाला रुजू झालास आणि पशुपालनाचा विषय तुझ्याकडे आला, हे वाचून मनापासून आनंद झाला. शाळेला गोठा नाही, हाताशी असलेलं पुस्तक मराठीत नाही, आणि मुलं पहिल्याच दिवशी म्हणतात, "सर, इंजेक्शन कसं मारायचं ते शिकवा." सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंयस. इंजेक्शनच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

इंजेक्शन शिकवू नकोस. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात सुई आली की आठ दिवसांत तो गल्लीचा डॉक्टर होतो. आपल्या गावांत अर्धवट माहितीवर औषध देणारे आधीच पुष्कळ आहेत. दुकानातून अँटिबायोटिक आणायचं, अंदाजानं टोचायचं, दोन दिवसांत ताप उतरला की बंद करायचं, आणि त्याच संध्याकाळचं दूध डेअरीला घालायचं. त्या औषधाचा अंश दुधात उतरतो. किती दिवस दूध बाजूला ठेवायचं ते बाटलीवर छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण? तुझ्या मुलांना ते वाचायला शिकव. टोचायचं काम डॉक्टरांचं आहे, ते त्यांच्याकडंच राहू दे. गल्लीत खरी उणीव आहे ती आजार एक दिवस आधी ओळखणाऱ्या माणसाची. तुझ्या वर्गातून ती माणसं बाहेर पडली पाहिजेत.

त्यासाठी पहिला महिनाभर आजाराचं नावही काढू नकोस. फक्त निरोगी जनावर दाखव. शाळेच्या जवळ एखादा गोठा बघ, मालकाशी बोल, सकाळी धारेच्या वेळी आणि दुपारी जनावरं बसलेली असताना मुलांना घेऊन जा. दुपारची वेळ चुकवू नको. पोट भरून बसलेल्या दहा जनावरांतली निम्मी तरी रवंथ करताना दिसायला हवीत. जी करत नाहीत त्यांच्याकडं मुलांनी थांबून बघावं. मग एकेकाला पुढं बोलाव आणि डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायला लाव. घाई करू देऊ नको. मूठ तशीच ठेवली की थोड्या वेळानं आतून एक लाट येते, मूठ हळूच बाहेर ढकलली जाते आणि परत आत जाते. दोन मिनिटांत अशा दोन-तीन लाटा आल्या की पोट चालू आहे. दाबलेली जागा मळलेल्या कणकेसारखी लागते आणि खळगा सावकाश भरतो. हे एकदा हाताला कळलं की पोट बंद पडलेलं जनावर त्या मुलाला कुणी सांगावं लागत नाही. त्याचा हातच त्याला सांगतो.

थर्मामीटरचंही तसंच. गाई-म्हशीचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट, शेळीचं त्याहून थोडं जास्त. आकडे फळ्यावर लिहून देशील तर परीक्षेनंतर उडून जातील. घरच्या एका जनावराचं सकाळ-संध्याकाळ तापमान पंधरा दिवस लिहायला लाव. भर उन्हात बांधलेल्या म्हशीचं आणि सावलीतल्या म्हशीचं वेगळं येतं, हे मुलं स्वतःच येऊन सांगतील. प्रत्येकाला एक नोंदवही दे. तीत जनावराच्या कानातल्या टॅगचा १२ अंकी नंबर, वेताची तारीख, माजाची तारीख, दूध, वैरण, आणि 'आज काय वेगळं दिसलं' हा एक रकाना असू दे. हा शेवटचा रकाना तू स्वतः वाच. रोज. बाकीचे महिन्यातून एकदा तपासलेस तरी चालतील.

माजाची नोंद किती पैशाची आहे हे मुलांना गणितानं दाखव. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, आणि एक माज हुकला की २१ दिवस फुकट जातात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, ती ओरडत नाही. रात्री किंवा पहाटे सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, दिसतो, दूध जरा कमी येतं, तेवढंच. ते बघणारं घरात कोण असतं? बहुतेक घरांत बाईमाणूस. म्हणून सांगतो, तुझ्या वर्गातल्या मुलींना पुढं बसव. शेण काढणं, वैरण टाकणं, धार काढणं यातलं बरंच काम त्या लहानपणापासून करतात. मुलं बोलण्यात पुढं असतील, पण कुठली म्हैस कुठल्या सडाला हात लावू देत नाही हे मुलीलाच ठाऊक असतं. प्रात्यक्षिकाच्या वेळी गटाचा प्रमुख मुलगी असू दे.

आता खाद्याचं. पुस्तकातला आदर्श आहार तसाच शिकवलास तर आपल्या भागात तो कुणाच्याच दावणीत नसतो. निपाणी, चिकोडी, रायबाग पट्ट्यात कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की जनावरांपुढं महिनोन्महिने उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पडतं. फुकट किंवा स्वस्त मिळतं म्हणून लोक घालतात, त्यांना दोष देता येत नाही. पण वाड्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं आणि ते शरीरात जाणारं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभती गाय नुसत्या वाड्यावर राहिली की अंगातलं चुन्याचं प्रमाण खाली येतं. तेव्हा वाड्याबरोबर दुसरी वैरण आणि क्षारमिश्रण हवंच, हे शिकव. खानापूरकडं गेलास तर भाताचं पिंजार आणि मुसळधार पाऊस, खुरं कुजतात, गोठा महिनाभर वाळत नाही. अथणीकडं कोरडं रान, कडबा, आणि पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीचा धोका. ती फुलोऱ्याआधी जनावरानं भरपूर खाल्ली तर विषबाधेनं काही वेळातच जीव जातो. एकाच बेळगाव जिल्ह्यात ही तीन वेगळी दुखणी. मुलांना आपल्या गावाची वैरण वर्षाच्या बारा महिन्यांत कशी बदलते त्याचा तक्ता घरच्यांना विचारून करायला लाव. तोच तुझा धडा.

वजन काढायला काटा लागत नाही. शिंप्याची इंचपट्टी पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६४ आणि लांबी ५२ आली तर गाय ३२३ किलोच्या आसपास. अशा गाईला दिवसाला ९ ते १० किलो कोरडा अंश, म्हणजे पाणी वजा जाता उरणारी वैरण, लागतो, आणि ओल्या वैरणीत पाच किलोला जेमतेम किलोभर असतो. हा हिशोब केल्यावर मुलं घरी जाऊन दावणीकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

एक अवघड गोष्ट. आपल्याकडं गाय व्याल्यावर वार (जार) पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पाजत नाहीत, पुष्कळ घरांत आजीचा तसा शिरस्ता असतो. जन्मलेल्या वासराच्या अंगात रोगाशी लढायचं बळ जवळजवळ नसतं, ते चिकातूनच मिळतं, आणि आतड्याची ते शोषून घ्यायची ताकद तासातासानं कमी होत २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाइतका. पण मुलानं घरी जाऊन "आजी, तुझं चुकतंय" म्हटलं तर चीक मिळणार नाही, उलट शाळेचं नाव खराब होईल. त्याला सांग, आजीलाच बोलाव, तिच्या हातानं पाज, आणि महिन्यानं वासरू तिलाच दाखव. आजारावर म्हणून तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याच्या बाबतीत मात्र मी एवढा मवाळ नाही. तो जनावराला यातनाच देतो, हे स्वच्छ शब्दांत सांग.

खोंडाचं काय करायचं, हा प्रश्न एखादा मुलगा विचारेलच. बैलांची गरज कमी झाली, संकरित गाईचं नर वासरू दारात आलं की त्याच्या वाट्याला दूध येत नाही, हे मुलं डोळ्यांनी बघतात. विषय टाळू नकोस. बहुतांश कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मिळतात हे सांग, कायदा काय म्हणतो ते सांग, आणि जन्मलेल्या जिवाला उपाशी ठेवायचं नाही हेही सांग.

जपायचं तेही लिहितो. गाय गाभडली तर पडलेला गर्भ, वार, घाण यांना मुलांनी उघड्या हातानं शिवायचं नाही. त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरं गाभडवणारा रोग माणसाला होतो. लाळ गाळणाऱ्या, घशात काही अडकल्यासारखं करणाऱ्या जनावराच्या तोंडात कुणीही हात घालायचा नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गायसुद्धा अशीच दिसते. हे दोन नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेव.

तुझा भाग कर्नाटकात, तेव्हा सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बहुधा कन्नड बोलणारे असतील. मराठी शाळा टिकली पाहिजे याबद्दल माझं मत तुला माहीत आहे, ते तसंच आहे. पण म्हैस पडलेली असताना मुलाला डॉक्टरांशी बोलता आलंच पाहिजे. लाळ्या-खुरकुताला तिथं कालुबायी रोग म्हणतात, अंगावर गाठी आणणाऱ्या लंपीला चर्मगंटू. नोंदवहीत आजारांची, अवयवांची, वैरणीची नावं दोन्ही भाषांत लिहून घे. १९६२ या नंबरवर फिरता दवाखाना बोलावता येतो. फोनवर काय सांगायचं याचा सराव वर्गात घे: गाव, जनावर, कधीपासून, ताप किती, रवंथ आहे का, शेण कसं आहे. २०२२ मध्ये लंपीची मोठी साथ आली तेव्हा ज्या घरांनी पहिली गाठ दिसताच जनावर वेगळं बांधलं आणि गोचीड-माश्यांचा बंदोबस्त केला, त्यांनी निदान आपल्या हातात होतं ते वेळेत केलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना जाऊन भेट. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी असते. त्या फेरीत तुझी मुलं टॅगचे नंबर वाचून नोंदी लिहून देतील असं त्यांना सांग. त्यांना मनुष्यबळ लागतं, नाही म्हणणार नाहीत. ब्रुसेलोसिसची लस मात्र जिवंत जंतूंची असते, ती कालवडींना टोचत असतील तेव्हा मुलांना लांब ठेव. आधी हेडमास्तरांची लेखी परवानगी आणि पालकांच्या सह्या घे. तारीख ठरली की कळव, त्या दिवशी मी निपाणीला येतो.

तुझा,
गुरुजी